तक्रार पत्र: 1803 सालच्या बंदुकीवर व्हिक्टोरिया राणीची मोहर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या वस्तू विक्री विभाग,
छत्रपती संभाजीनगर

विषय: ‘असईच्या लढाईतील अस्सल बंदूक’ म्हणून दाखवलेली वस्तू बनावट असल्याबाबत व इसाराची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमचे सार्वजनिक वाचनालय भोकरदन तालुक्यात आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची इंग्रज फौज भिडली, ते असई आमच्याच जिल्ह्यातले. त्या लढाईतले काही बघायला मिळेल का, असे शाळेची मुले नेहमी विचारतात. म्हणून वाचनालयात काचेचे एक कपाट करायचे ठरले आणि गावाने वर्गणी काढली. आपल्या जाहिरातीतली बंदूक पाहून आम्ही 25,000 रुपये इसार दिला. ‘पाहणीत वस्तू पसंत न पडल्यास इसार परत’ असे पावतीवर आपल्याच शिक्क्याखाली छापलेले आहे.

पाहणीला आमच्यासोबत गावातले एक निवृत्त फौजी काका होते. लष्करात त्यांची उमर शस्त्रदुरुस्तीत गेली. त्यांनी आधी बंदूक हातात न घेता नुसते भिंग लावून घोड्याशेजारची पोलादी पट्टी पाहिली आणि मला बोलावले. पट्टीवर मुकुट, त्याखाली इंग्रजी ‘व्ही आर’ ही अक्षरे आणि त्याखाली 1803. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीची मोहर. ती गादीवर आली 1837 साली. 1803 मध्ये तिचा जन्मही झालेला नव्हता. त्या काळी राज्य तिसऱ्या जॉर्जचे होते, तेव्हा राजाच्या पलटणीची बंदूक असेल तर ‘जी आर’ हवे. कंपनी सरकारची असेल तर हृदयाच्या आकाराचे चिन्ह हवे, कारण मुकुट धरलेला सिंह कंपनीने साधारण 1808 नंतर वापरायला घेतला. यातले काहीही त्या पट्टीवर नाही.

ती अक्षरेही ठोकलेली नाहीत. ठशाने अक्षर ठोकले की धातू दबतो, कडा धारदार राहते आणि बाजूला किंचित उंचवटा येतो. इथे अक्षरांच्या कडा बोथट आहेत आणि आत बारीक बारीक छिद्रे आहेत. म्हणजे मोहरेसकट अख्खी पट्टी साच्यात ओतलेली आहे.

दुसरे असे, की ही बंदूक टोपीची आहे, म्हणजे घोडा आपटला की स्फोटक भरलेली धातूची छोटी टोपी फुटून बार उडतो. असईला झडल्या त्या चकमकीच्या बंदुका, ज्यात घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा धरलेला असे. स्फोटक रसायनावर बार उडवण्याचे पेटंट फोर्साइथ यांनी घेतले 1807 साली, आणि इंग्रजांच्या फौजेत टोपीची बंदूक रुळायला 1840 चा सुमार उजाडला. आपल्या प्रतिनिधींनी यावर ‘नंतर बदलून घेतली असेल’ असे सांगितले. बदल होत असत, हे आम्हीही मानतो. पण चकमकीची बंदूक टोपीची करताना जुना कान, म्हणजे ठिणगी पडायची चिमूटभर दारू ठेवायची वाटी, आणि त्याची कमान (स्प्रिंग) काढावी लागते, आणि त्यांची भोके बुजवल्याच्या खुणा पट्टीवर राहतात. आपली पट्टी कोरी आहे. आणि बदल केला म्हणून 1803 च्या पट्टीवर व्हिक्टोरियाची मोहर कशी येणार, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

काकांनी मग गज, म्हणजे बार ठासायची सळई, नळीत सोडला. बंदूक जुनी असेल तर हे आधी करावेच लागते, कारण ठासलेली दारू आणि गोळी वर्षानुवर्षे आत राहिलेली असू शकते. गज टोपीच्या जागेच्या चार बोटे अलीकडे थांबला तर आत बार आहे असे समजून बंदूक बाजूला ठेवायची. इथे तो निम्म्या नळीतच अडला. बॅटरीचा उजेड टाकला तर तळाला चकचकीत भरीव लोखंड दिसले. नळी अर्धीच पोखरलेली आहे! या बंदुकीतून बार उडालेला नाही, उडूही शकत नाही. मोजपट्टी लावून मोजली तर नळी 30 इंचही भरत नाही. त्या काळच्या कंपनीच्या पायदळी बंदुकीची नळी 39 इंच आणि तोंड पाऊण इंचाच्या आसपास असे.

एवढे होऊनही आम्ही एकच विनंती केली, की घोड्याची पट्टी आमच्यासमोर खोलून दाखवा. नकली माल करणारा बाहेरून तेजाब लावून गंज चढवतो, लाकडाला रंग देतो, पण पट्टीची आतली बाजू सहसा तशीच सोडतो. जुन्या कामात आत कानशीचे ओरखडे आणि जुळणीच्या खुणा दिसतात, स्क्रूचे आटे हाताने पाडल्यासारखे असतात, आणि पट्टीखालचे लाकूड तेलाने नि दारूने काळे पडलेले असते. दोन स्क्रू काढायचे काम होते. आपल्या प्रतिनिधींनी ‘उघडल्यास प्राचीनत्वाला बाधा येते’ म्हणून नकार दिला आणि आमच्या हातात प्रमाणपत्र ठेवले. त्यावर तपासणाऱ्याचे नाव नाही, सही नाही, कशावरून 1803 ठरवले तेही नाही.

याच प्रतिनिधींनी परवान्याबद्दल विचारल्यावर ‘ही शोभेची वस्तू आहे, काही कागद लागत नाहीत’ असे सांगितले. महोदय, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? वस्तू खरोखर 1803 ची असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ती विकायला आपल्याकडे परवाना लागतो. शिवाय शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मधली सूट मिळते ती जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला, आणि तीही ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच. हे कोणी तपासले? आणि शोभेचीच असेल तर तसे लिहून शोभेच्या भावाने विका, आम्हाला काही म्हणायचे नाही. गावात रोजंदारीवर जाणाऱ्या बायांनीही या कपाटासाठी पैसे दिलेत. त्यांच्या मुलांसमोर ही वस्तू ‘तुमच्या मातीतली’ म्हणून आम्ही ठेवू शकत नाही.

इसार परत मागितल्यावर ‘तो बुकिंग शुल्कात वळता झाला’ असे फोनवर कळवण्यात आले. पावतीवर बुकिंग शुल्क हा शब्दच नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत 25,000 रुपये वाचनालयाच्या खात्यात परत करावेत. जाहिरातीतून असईचे नाव आणि 1803 हे साल काढावे. प्रमाणपत्र कोणी व कोणत्या तपासणीवर दिले ते लेखी कळवावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये आम्ही जालना येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. पावती, प्रमाणपत्र आणि पट्टीवरील मोहरेचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
चिटणीस, सार्वजनिक वाचनालय,
ता. भोकरदन, जि. जालना