आईच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर तिची वाचाही गेली. तुम्ही घरी यायला लागलात तेव्हा दर खेपेला माझा एकच प्रश्न असायचा, "बोलायला कधी लागेल?" एके दिवशी चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "'अरायव्हल' बघा. मोबाइलवर नको. आणि एकटीनं बघा."

परग्रहवासीयांचा सिनेमा, म्हणून मी जरा नाखुशीनंच लावला. दनी व्हिलनव्हचा, २०१६चा. पृथ्वीवर १२ ठिकाणी यानं उतरतात, सैन्य धावतं, एक स्फोटही होतो. पण सिनेमाचा सगळा जीव लुईझ नावाच्या भाषातज्ज्ञ बाईत आहे. ॲमी ॲडम्सनं ती किती हळुवारपणे केली आहे! दर १८ तासांनी यानाचं दार उघडतं. काचेसारख्या पडद्यापलीकडे, धुक्यात, सात पायांचे ते जीव. आणि ही संरक्षक पोशाख उतरवते, कारण त्यांना आपण दिसायला हवं.

पहिल्याच दिवशी तुम्ही मास्क काढला होतात. "त्यांना माझे ओठ दिसू देत," म्हणाला होतात.

कर्नलला घाई असते. पृथ्वीवर कशासाठी आलात, एवढंच त्यांना विचारायचंय. लुईझ तेच वाक्य फळ्यावर लिहून त्याला समजावते: प्रश्न म्हणजे काय हे आधी त्यांना कळायला हवं, मग 'तुम्ही' म्हणजे एकटा की सगळे, हे. तिथे मी सिनेमा थांबवला. तुम्ही पाटीवर 'पाणी' लिहून, पेला आईच्या डाव्या हातात देऊन गप्प बसायचात, तेव्हा मी घड्याळाकडे बघत असायचे.

सगळं बोलणं परत येईलच असं नाही, हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. लेकीचं पुढे काय होणार हे ठाऊक असूनही लुईझ तिला आपल्या आयुष्यात येऊ देते. ते बघून मी खूप रडले आणि मग आईच्या उशाशी जाऊन बसले.

आता रोज संध्याकाळी पाटी घेऊन मी बसते. घड्याळ त्या खोलीतून काढलंय. तुम्ही मला आईजवळ गप्प बसायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

काल तिनं पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "घे."

मला तहान नव्हती. सगळं पाणी प्यायले.

तुमची ऋणी,
तुमच्या पेशंटची मुलगी