आधी यादी, मग निबंध

महोदय,

अमेरिकेत पदवीसाठी जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी ‘कॉलेजच्या अर्जातले निबंध कधी लिहायला घ्यायचे’ यावर दोन टोके दिसतात. कुणी नववीपासूनच मुलाला निबंधाला बसवते, कुणी बारावीचा ऑक्टोबर उजाडेपर्यंत हात लावत नाही. नववीतले लिखाण बारावीत वाचताना मुलालाच कानकोंडे होते, तेव्हा तो उद्योग फुकट. ऑक्टोबरची घाई मात्र महागात पडते, आणि तिचे मूळ बहुधा निबंधात नसतेच. कॉलेजांची यादी ठरलेली नसते, म्हणून सगळे अडते.

हिशेब करून बघा. कॉमन ॲप म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करण्याची ऑनलाइन सोय. तिचा मुख्य निबंध एकच, २५० ते ६५० शब्दांचा, आणि सगळ्या कॉलेजांना तोच जातो. खरे ओझे प्रत्येक कॉलेजच्या स्वतंत्र निबंधांचे, ज्यांना मुले सप्लिमेंट म्हणतात. दहा कॉलेजे आणि प्रत्येकाचे दोन-तीन धरले तरी आकडा पंचवीसच्या आसपास जातो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज निराळा: आठ प्रश्नांपैकी चार, प्रत्येकी कमाल ३५० शब्द. एमआयटीचाही स्वतःचा अर्ज आहे. ‘हेही एक टाकून ठेवू’ असे म्हणत यादीत घातलेल्या नावाची किंमत नुसत्या फीत मोजता येत नाही.

म्हणून अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीत यादी करायला बसावे, आणि सुरुवात क्रमवारीने करू नये. पहिली चाळणी पैशाची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजे प्रवेश देताना परदेशी मुलाची ऐपत पाहत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी आर्थिक मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. आणि ‘आधी आत शिरू, मदत नंतर मागू’ हा हिशेबही फसतो, कारण अर्जाच्या वेळी न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजे पुढे देत नाहीत. मदत वजा जाता खर्च किती येईल याचा अंदाज देणारा, कॉलेजच्या संकेतस्थळावरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ मुख्यतः अमेरिकी कुटुंबांसाठी असतो, त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

दुसरी चाळणी ‘कॉमन डेटा सेट’ची, म्हणजे कॉलेजने ठरावीक नमुन्यात दिलेल्या स्वतःच्या माहितीची. बरीच कॉलेजे तो दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात गुण, निबंध, शिफारसपत्रे, मुलाने कॉलेजमध्ये दाखवलेला रस यांना किती वजन आहे ते सरळ लिहिलेले असते. एवढा एक तक्ता वाचला तरी अर्ध्या अफवा गळून पडतात. शेवटी आठ ते बारा नावे उरावीत आणि त्यांत दोन तरी ‘सेफ्टी’ असाव्यात. पालकांनी नाव ऐकलेले नाही म्हणून कॉलेज सेफ्टी होत नाही. जिथे प्रवेश जवळपास नक्की, खर्च झेपणारा आणि मुलाची जायची खरी तयारी, ती सेफ्टी. उलट, शंभरातल्या पाचांनाही न घेणारे कॉलेज कुणासाठीच ‘टार्गेट’, म्हणजे प्रवेशाची बरी शक्यता असलेले, नसते, सॅट या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५८० असले तरी.

शिफारसपत्रांसाठी दोन शिक्षकांना अकरावी संपतानाच विचारावे. मुख्य निबंध जूनमध्ये घ्यावा. पहिला खर्डा हजार शब्दांचा झाला तरी चालेल, तो आठवडाभर बाजूला ठेवावा आणि मग कापावा. ‘सायकल दुरुस्त करताना मला चिकाटीचे महत्त्व कळले’ हे वाक्य कुणीही लिहील. ब्रेकची तार तिसऱ्यांदा निसटली तेव्हा नट उलटा बसवला होता हे लक्षात आले, हे फक्त त्या मुलालाच लिहिता येते. चिकाटी हा शब्द मग गाळला तरी बिघडत नाही. याच महिन्यात उपक्रमांची यादीही करावी. दहा जागा, आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरे, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. तिला मुले एक संध्याकाळ देतात, लागतो आठवडा.

कॉमन ॲपचे नवे वर्ष १ ऑगस्टला उघडते. त्याआधी खाते काढले तर मुख्य निबंध आणि वैयक्तिक माहिती पुढे येते, पण कॉलेजनिहाय उत्तरे पुसली जातात. शिवाय सप्लिमेंटचे प्रश्न बदलूही शकतात. तेव्हा जुलैत सप्लिमेंट लिहून पेटीत भरू नयेत. ‘आमचेच कॉलेज का’ या उत्तराची परीक्षा सोपी आहे: कॉलेजचे नाव बदलून वाचावे. वाक्य तरीही खरे वाटले तर ते काढावे. जुने उत्तर डकवताना दुसऱ्याच कॉलेजचे नाव राहून जाते, म्हणून पाठवण्याआधी पीडीएफ उघडून मोठ्याने वाचावी.

अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल घेण्याच्या वाटेची, मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर. हा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो आणि तो बांधून टाकणारा असतो: प्रवेश मिळाला की तिथेच जायचे. मदतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर या वाटेला जाऊ नये. निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि रेग्युलरच्या, म्हणजे नेहमीच्या अर्जांच्या, मुदती बहुतेक ठिकाणी १ जानेवारीपासून सुरू होतात, म्हणजे हातात दोन आठवडे. नकार वाचल्यावर त्याच रात्री आनंदी सुरातले ‘मला तुमच्याकडेच का यायचे आहे’ कुणाला सुचत नाही. उरलेल्या कॉलेजांचे निबंध निकालाच्या आदल्या दिवशी तयार असावेत.

– एक प्रवेश समुपदेशक