नाविकांच्या उठावाला स्वतंत्र पाठ द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी अंबाजोगाईच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. ब्रिटिशांच्या नौदलातील हिंदी नाविकांचा फेब्रुवारी 1946 मधील उठाव वर्गात दोन-चार वाक्यांत उरकावा लागतो, ही खंत आपल्यापुढे मांडत आहे.

मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’ रंगवणारे नाविक बी. सी. दत्त यांना त्या महिन्याच्या आरंभीच अटक झाली होती. निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांहून कमी पगार आणि ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांची शिवीगाळ यांनी संतापलेल्या नाविकांनी 18 फेब्रुवारीला संप पुकारला आणि बघता बघता 78 जहाजांवरचे व किनाऱ्यावरच्या तळांवरचे मिळून सुमारे 20,000 नाविक त्यात उतरले. हे केवळ जेवणाचे भांडण नव्हते. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा, याही त्यांच्या मागण्या होत्या. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते, उपाध्यक्ष मदन सिंग. आणि जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र फडकत होते. फाळणीला दीड वर्ष उरले असताना हे घडले, हे मुलांना कळायलाच हवे.

22 तारखेला गिरणगाव नाविकांच्या पाठीशी रस्त्यावर आला. परळच्या गोळीबारात कमल दोंदे यांना प्राण गमवावे लागले. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर 23 तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही.

या उठावानेच स्वातंत्र्य मिळाले, असा माझा दावा नाही; सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन हे मंत्र्यांचे शिष्टमंडळ पाठवण्याचा निर्णय ब्रिटिशांनी त्याआधीच घेतला होता. मात्र ज्या हिंदी फौजेच्या जोरावर राज्य चालले, तिच्यावर यापुढे विसंबता येणार नाही, हे या पाच-सहा दिवसांनी त्यांना बजावले.

असा इतिहास विस्मरणात जाणे आम्हा मराठवाड्यातील माणसांना अधिक बोचते. 15 ऑगस्ट 1947 नंतरही आम्ही तेरा महिने निजामाच्या राज्यात होतो आणि 17 सप्टेंबर 1948 चा आमचा मुक्तिदिन उर्वरित महाराष्ट्राला आजही नीट ठाऊक नसतो.

म्हणून विनंती आहे की, इयत्ता आठवीच्या इतिहासात या उठावाला स्वतंत्र पाठ द्यावा, त्यात नाविकांच्या मागण्या मूळ स्वरूपात छापाव्यात आणि 18 फेब्रुवारीला राज्यातील शाळांतून या नाविकांचे स्मरण करण्याचा आदेश काढावा.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, अंबाजोगाई, जि. बीड