रायटर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सुमीच्या साखरपुड्यातली गोष्ट तू विसरलीही असशील. व्याह्यांकडच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "आपण काय करत होता?" मी सवयीने सांगितलं, "पोलिसात रायटर होतो." सनईच्या कॅसेटपुढे त्यांना 'रायटर' एवढंच ऐकू गेलं असावं. "अरे वा! कुठली कुठली पुस्तकं आपली?" तू हसून विषय बदललास आणि परतताना गाडीत म्हणालीस, "बाबा, रायटर नका सांगत जाऊ. हवालदार म्हणा सरळ. लोकांना वेगळंच वाटतं."

राग नाही आला, खरंच. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? चार दिवस वाचनालयात जाडजूड इंग्रजी कोश काढून बसलो. ग्रंथपालबाईंना वाटलं, मी शब्दकोडं सोडवतोय.

तर ऐक. 'राइट' या क्रियापदाचा मूळ अर्थ लिहिणं नाहीच. जुन्या इंग्रजीत ते ओरखडणं, कोरणं. लाकडावर नाहीतर दगडावर टोकदार काहीतरी घेऊन खरवडायचं. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद आजही 'फाडणं' याच अर्थाने नांदतो आहे. इथवर आलो आणि आपला 'लिख्' धातू आठवला. त्याचाही जुना अर्थ ओरखडणंच. रेखा, रेघ ही त्याच घरची मंडळी. म्हणजे तिकडचा काय अन् इकडचा काय, लिहिणारा मुळात खरवडणारा! चार प्रती निघाव्यात म्हणून कार्बनवर बॉलपेन दाबून दाबून माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय. लहानपणी तू तो चाचपत बसायचीस. त्या हिशेबाने मी या शब्दाच्या तुझ्यापेक्षा जवळचा. तुझं सगळं कीबोर्डवर.

पुस्तकं लिहिणारा तो रायटर, हा अर्थ जुना आहे, ते कोण नाकारतंय? पण कागद लिहिणारा, नकला करणारा कारकून हाही अर्थ जुनाच, आणि आपल्या देशात आधी उतरला तो हाच. ईस्ट इंडिया कंपनीत खालच्या पायरीवरच्या पोरांचा हुद्दाच 'रायटर'. त्याच्या वर फॅक्टर, मग ज्युनिअर मर्चंट, मग सीनियर मर्चंट. सतरा-अठरा वर्षांची पोरं यायची आणि वखारीच्या हिशेबाच्या वह्या, पत्रांच्या नकला लिहीत बसायची. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला उतरला तो रायटर म्हणून. वॉरन हेस्टिंग्ज १७५० मध्ये कलकत्त्याला आला, तोही रायटरच. कलकत्त्याची रायटर्स बिल्डिंग १७७७ मध्ये बांधायला घेतली ती याच पोरांसाठी. ते नाव ऐकून मला वर्षानुवर्षं तिथे साहित्यिक बसतात असं वाटायचं, म्हणजे त्या गृहस्थांना हसायचा मला तरी अधिकार नाही. पुढे या पोरांना देशी भाषा याव्यात म्हणून १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे मराठीही शिकवत. शिकवणारे विल्यम कॅरी, आणि त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. कंपनीच्या कारकुंड्यांना आपली भाषा यावी म्हणून!

पोलीस ठाण्यातला रायटर त्याच खानदानातला, असं मी धरून चाललोय. तपास साहेबांच्या नावावर, अक्षर माझं. पंचनामा, जबाब, केस डायरी. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, एका हाताने बॅटरी धरून लिहिलेले पंचनामे किती, याची मोजदाद नाही. 'सदर इसम', 'येणेप्रमाणे' या माझ्या भाषेची तू आणि तुझी आई टिंगल करायचात. करा. पण त्या भाषेत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोर्टात वकील सोलून काढतो. तुझ्या लेखात चूक झाली तर तू दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतेस.

एक सांगतो, घरी कधी बोललो नाही. विहिरीत पडून गेलेल्या एका तरुण पोराची खबर द्यायला त्याची आई आली होती. मी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'मयत नामे' आणि पुढे शाळेच्या दाखल्यावरचं नाव. लिहून झालं की वाचून दाखवायचं, मग अंगठा. मी वाचलं. बाई शांत ऐकत होती. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि तसाच हवेत धरून म्हणाली, "सायेब, ह्यात माझा बाळू कुठं हाय?" त्याला घरात, गावात कोणी दाखल्यावरच्या नावाने हाक मारलीच नव्हती. साहेब घाईत होते, जेवण राहिलं होतं. मी नावापुढे 'ऊर्फ बाळू' घातलं, खाडाखोड नको म्हणून अख्खं पान नव्याने लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. मग तिने अंगठा उठवला.

स्कॉटलंडची गंमत राहिलीच, ती खास तुझ्यासाठी. तिकडे वकिलांच्या एका जुन्या मंडळाचे सभासद स्वतःला 'रायटर टु द सिग्नेट' म्हणवतात. सिग्नेट म्हणजे राजाची मोहोर. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचे वडील एडिंबरोत असे रायटर होते. लेकालाही त्यांनी १७८६ मध्ये आपल्याच कचेरीत उमेदवारीला बसवलं, दस्तांच्या नकला करायला. पुढे हा लेक कादंबऱ्या लिहायला लागला तेव्हा त्यांवर स्वतःचं नावच घालेना. पहिली १८१४ मध्ये निघाली, आणि उघडपणे 'मीच तो' म्हणायला त्याला १८२७ साल उजाडलं. म्हणजे बाप दारावर पाटी लावून रायटर, आणि लेक चोरून!

तुझ्या कार्डावर 'सीनियर कंटेंट रायटर' आहे ना, त्यातली चार-पाच कार्डं येताना घेऊन ये, वाचनालयात दाखवायची आहेत. सुमीच्या लग्नात ते गृहस्थ पुन्हा भेटतीलच. मी रायटरच सांगणार. पुस्तकाचं नाव विचारलं तर स्टेशन डायरी.

आई म्हणते, डबे परत आण.

तुझे,
बाबा