बाक्सो म्हणजे कोफ्ता नव्हे

जकार्ता, रविवार रात्र

प्रिय मंग्या,

परवा फोनवर तू म्हणालास, ‘बाक्सो म्हणजे आपले कोफ्तेच ना रे?’ नाही रे बाबा. याच समजुतीपायी मी तीनदा चिकन वाया घालवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

कोफ्ता बोटाने तुटावा, तोंडात विरावा असं आपण बघतो. बाक्सो म्हणजे इथला रश्श्यात घालून खायचा मांसाचा गोळा, त्याचं नेमकं उलट. दाताखाली दबून तो परत वर उसळला पाहिजे. या गुणाला इथे ‘केन्याल’ म्हणतात. ‘बाक्सो’ हा शब्द मूळचा होक्किएन या चिनी बोलीतला, त्यातल्या ‘बाक’चा अर्थ मांस, तेही बहुधा डुकराचं. पण इथे मुसलमान वस्ती जास्त, त्यामुळे गाडीवर मिळतो तो गोमांसाचा. मी घरी चिकनचाच करतो, तूही तोच कर. ओबामा लहानपणी इथे राहायचा ना, तो 2010 साली अध्यक्ष म्हणून आला तेव्हा त्याने भाषणात फेरीवाल्यांची ‘साते! बासो!’ ही आरोळी ठोकली होती (साते म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, बासो म्हणजे बाक्सोच). आमच्या गल्लीतला गाडीवाला आरोळी देत नाही, वाडग्यावर चमचा वाजवतो. टिंग टिंग ऐकलं की पोरं वाडगी घेऊन पळतात.

आता कृती. अर्धा किलो बोनलेस चिकन, निम्मं मांडीचं घे, नुसत्या छातीचे गोळे कोरडे होतात. बारीक तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेव, कडा कडक होईपर्यंत. मग मिक्सरमध्ये चिकन, दोन सपाट छोटे चमचे मीठ आणि मूठभर बर्फाचा चुरा. मीठ आधीच घालायचं, कारण मिठाने मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. बर्फ यासाठी, की वाटताना भांडं तापलं तर ती पकड जाते. माझं पहिल्या दोन वेळी हेच झालं. एका दमात वाटत बसलो, शिजल्यावर हातात आला रवाळ खिमा. थांबत थांबत फिरव. भांड्याला बाहेरून हात लाव, गार लागलं पाहिजे. मिश्रण गुळगुळीत होऊन पात्याला लोंबायला लागलं की चार तळलेल्या लसूण पाकळ्या, पांढरी मिरी, एका अंड्याचा पांढरा आणि चार-पाच मोठे चमचे टॅपिओकाचं पीठ. साबुदाणा ज्या कंदाचा, त्याचंच हे पीठ. जास्त घातलंस तर गोळा चिवट होतो आणि चवीला नुसतं पीठ लागतं.

गोळे तळहातावर वळायचे नाहीत! हे मला शेजारच्या बूंनी शिकवलं (‘बू’ म्हणजे आपल्या काकू). त्या डाव्या मुठीत मिश्रण घेतात, मूठ खालून आवळत नेतात, आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा फुगून वर येतो. ओल्या चमच्याने तो उचलायचा आणि थेट पाण्यात. त्यांचे सगळे लिंबाएवढे, एकसारखे. माझ्यातल्या निम्म्यांना शेपट्या असतात.

पाणी उकळतं नको. वाफ येतेय, तळाला बारीक बुडबुडे आहेत, बस्स. तिसऱ्या वेळी मी खळखळत्या पाण्यात सोडले आणि सगळे खडबडीत झाले, दोन तर फुटले. वर तरंगले की आणखी तीन-चार मिनिटं ठेव आणि बर्फाच्या पाण्यात काढ.

रश्श्याचं काय सांगू, हाडं मंद आचेवर दोन तास, तळलेला लसूण, मिरी, मीठ. हळद नको, गरम मसाला तर मुळीच नको, तुझा हात तिकडे जाणार हे मला माहीत आहे. वाडग्यात शेवया, वर गोळे, गरम रस्सा, तळलेला कांदा, सेलरीची पानं. सांबाल म्हणजे मिरचीचा ठेचाच, तो ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घ्यावा. गोड सोया सॉस मी येताना आणतो.

आणि वाटायला तिकडच्या काकूंचं चटणीचं भांडं वापरू नकोस. मागे त्यात कोळंबी वाटली तेव्हा तुझ्या नादाने मीही बोलणी खाल्ली होती, यंदा मी तिथे नाही.

तुझा,
विन्या