सुध्या, रोटेतली जमीन घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय सुध्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा बोटीवर होतो, तिथे इंजिनाच्या घरघरीत मला "बीच", "गुंठा" आणि "हिला सांगू नकोस" एवढंच कळलं. नंतर खोलीवर येऊन नीट ऐकला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की तू कुठलं तरी रील बघून विरारचा फ्लॅट फुंकून इथे रोटे बेटावर समुद्राकाठी जमीन घ्यायच्या विचारात आहेस, आणि मी जकार्तात नोकरीला आहे म्हणजे मला इथलं सगळं माहीत असणार असं तुला वाटतंय. सगळं नाही माहीत. पण यंदा दुसऱ्यांदा आलोय, सलग तीन आठवडे झाले, आणि तुझ्यासाठी म्हणून एक प्लॉट बघूनसुद्धा आलो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी रस्ता समजून घे. नकाशात बाली सापडलं की तिथून उजवीकडे सरकत जा, लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस, मग तिमोर. तिमोरच्या खालच्या कोपऱ्याला लोंबकळल्यासारखं जे बेट दिसतं ते रोटे, त्याच्याखाली मोकळा समुद्र आणि मग थेट ऑस्ट्रेलिया. जकार्ताहून विमानाने कुपांग, तिथे एक मुक्काम, सकाळच्या फास्ट बोटीने दोनेक तासांत बाआ, म्हणजे इथलं तालुक्याचं गाव म्हण (खरं तर जिल्ह्याचं, २००२ साली रोटे नदाओ हा वेगळा जिल्हा झाला), आणि बाआहून गाडीने तासाभरात नेम्बराला नावाचं किनाऱ्यावरचं गाव. कुपांगहून छोटं विमानही आहे, पण जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेचा वारा सुटला की बोट काय नि विमान काय, दोन-दोन दिवस काहीच हलत नाही, आणि माणसं बंदरावर पथाऱ्या पसरून निवांत पडलेली असतात. रीलमध्ये हे नसतं. रील एप्रिल ते ऑक्टोबरमधलं असतं, तेव्हा आग्नेयेचा कोरडा वारा असतो, लाटा आखून दिल्यासारख्या येतात आणि ऑस्ट्रेलियन पोरं फळ्या घेऊन येतात. इथली लाट त्यांच्यात प्रसिद्ध आहे, टी-लँड म्हणतात तिला.

पण तुला खरी गंमत सांगू का, मला इथे लाटांपेक्षा ताड बघून भरून आलं. अरे आपल्या गावचे, केळव्याचेच ताड! तेच झाड, तीच खडबडीत बुंध्याची काळी उंची, इथे त्याला लोंतार म्हणतात. सकाळ-संध्याकाळ माणसं चढतात, पोयी, म्हणजे फुलोरा, दाबतात, टोक कापतात, आणि रस धरायला ताडाच्याच पानाची बादली, तिला हाइक म्हणतात. ताजा रस म्हणजे आपली नीरा, आंबला की लारू, गाळला की सोपी नावाची दारू, जी मी फक्त एकदा प्यायलो आणि पुढचं विचारू नकोस. पण मी आपल्याकडे कधी न पाहिलेली गोष्ट म्हणजे हा रस आटवून केलेली काकवी. गुला आयर म्हणतात, पाण्यात घालून पितात, आणि पूर्वी अर्धं बेट सकाळी तेवढ्यावर निघायचं. पाऊस जेमतेम तीन-चार महिने, जमीन चुनखडीची, भात थोड्याच भागात पिकतो, मग जगवलं कुणी तर ताडाने. घराला छप्पर त्याचं, डोक्यावर शिंगवाली टोपी त्याची, सासांदो नावाचं यांचं तंतुवाद्य आहे त्याचा घुमट पण ताडाच्या पानाचा.

मी ज्यांच्याकडे राहतो त्या घरात एक बापा आणि एक मामा आहेत. बापा म्हणजे घरचा बाप माणूस, आणि मामा म्हणजे बाई! इथे बायकांना मामा म्हणतात आणि माझ्या वयाच्या पुरुषाला ओम, त्यामुळे दिवसभर अख्खं गाव मला "ओम, ओम" करत असतं आणि मला देवळात बसल्यासारखं वाटतं. गाव ख्रिस्ती आहे बरं का, प्रोटेस्टंट, रविवारी सगळं बंद. भाषेत मात्र आपले शब्द ढिगाने, बायकोला इस्त्री, नवऱ्याला सुआमी, पापाला दोसा. सरपंचाला केपाला देसा, म्हणजे कपाळ आणि देश. जमिनीच्या भानगडीत पहिली गाठ या कपाळाशी पडते आणि बऱ्याच लोकांचं कपाळ तिथेच फुटतं, आता तेच सांगतो.

पहिली गोष्ट, परदेशी माणसाला इथे मालकी मिळत नाही. नाही म्हणजे नाहीच. यांचा १९६० चा जमीन कायदा आहे, त्यात पूर्ण मालकीला हाक मिलिक म्हणतात, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला. तुला मिळू शकतं ते हाक पाकाई, म्हणजे वापरायचा हक्क, आधी ३० वर्षं, वाढवून २०, नूतनीकरण करून आणखी ३०, पण त्यासाठी इथल्या वास्तव्याचा परवाना पाहिजे, टुरिस्ट व्हिसावर नाही. किंवा इथे परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढायची, तिला बांधकामाचा हक्क मिळतो, पण त्या कंपनीची गुंतवणूक जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियांच्या वर दाखवावी लागते. अब्ज ऐकून घाबरू नकोस, आपल्या एका रुपयाला १८०-१९० रुपिया मिळतात, तरी सव्वापाच-साडेपाच कोटी होतात. आता घाबर. तिसरा रस्ता साधा भाडेपट्टा, २५-३० वर्षांचा, पैसे बहुतेक वेळा सगळे आधीच.

आणि चौथा रस्ता, जो तुझ्या रीलवाल्याने "लोकल पार्टनरच्या नावावर" असं गोड शब्दात सांगितलाय. म्हणजे बेनामी. सुध्या, त्याच कायद्यातलं २६ वं कलम सांगतं की परदेशी माणसाला आडून मालकी द्यायचा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. वर शेतजमीन असेल तर तिचा मालक त्याच तालुक्यात राहणारा लागतो असाही जुना नियम आहे, म्हणजे बालीतला पार्टनर दाखवून तोही प्रश्न सुटत नाही. लोक करतात हे सगळं, मी नाही म्हणत नाही, आपल्याकडे पण शेतकरी दाखले कसे कसे पैदा होतात ते आपण दोघांनी पाह्यलंय. पण आपल्याकडे निदान भांडायला आपली भाषा आहे, तलाठी कुणाचा मेव्हणा ते माहीत असतं. इथे तू कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार?

बरं, प्लॉट. बापाचा एक लांबचा पुतण्या दलाली करतो, तो घेऊन गेला. मोजमाप "आर" मध्ये, हे ऐकून मी उडालोच, आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं ना तोच आर, १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास गुंठाच. बारा आर, समोर पांढरी वाळू, मागे ताड. किंमत ऐकून तुझे डोळे चमकतील म्हणून मुद्दाम लिहीत नाही. मी विचारलं सर्टिफिकेट आहे का, म्हणजे सरकारी भूमापन खात्याचं, तर म्हणाला आहे की, आणि खिशातून सरपंचाच्या सहीचा एक कागद काढला. तो कागद म्हणजे अमका ही जमीन कसतो एवढंच. सर्टिफिकेट वेगळं, ते जमिनीचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत नोटरीकडून भूमापन कार्यालयात तपासून घ्यायचं असतं. इथली पुष्कळ जमीन कुळाची, भावकीची, अजून कागदावरच न आलेली.

मग आत शिरलो. कुंपण प्रवाळाच्या दगडांचं, डुकरं आत येऊ नयेत म्हणून. आंब्याखाली दोन थडगी, स्वच्छ टाईल्स लावलेली, त्यातल्या एकावर कपडे वाळत घातलेले. इथे घरच्या माणसांना अंगणातच पुरतात आणि थडग्यावर बसून गप्पा मारतात, पोरं अभ्यास करतात, कुणाला काही वाटत नाही. पुतण्या म्हणाला हे आजी-आजोबा, ते राहतील. म्हणजे प्लॉटसकट आजी-आजोबा! नऊ ताड होते, ते विचारले तर म्हणाला ताड काकाचे आहेत, रस तोच काढतो. विहीर? ती चार घरांची, आणि पाणी मचूळ, प्यायला विकतचं. मालक तीन भाऊ, एक गावात, एक कुपांगला, एक मलेशियात पामच्या मळ्यावर, आणि मलेशियावाल्याला अजून विचारलेलं नाही. मला तिथे उभ्या उभ्या आमचा केळव्याचा सातबारा आठवला, आजोबांच्या नावाखाली सतरा वारस, जमीन अमक्याची, कलमं आत्याची, वहिवाट शेजाऱ्याची. तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते ना, या जमिनीला हात लावशील तर हात तिथेच राहील.

आणि समोरचा तो "प्रायव्हेट बीच". ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की अर्धा किलोमीटर नुसत्या खुंट्या दिसतात, दोऱ्या ताणलेल्या, त्यावर समुद्री शेवाळाची शेती. दोरीला बी बांधायचं, दीड महिन्यात काढायचं, वाळूवर ताडपत्र्या पसरून वाळवायचं आणि विकायचं. त्यातून कॅराजीनन निघतं, जे आपल्या आईस्क्रीममध्ये नि टूथपेस्टमध्ये जातं. मामा आणि तिच्या दोन जावा पहाटे कमरेएवढ्या पाण्यात असतात. पोरांच्या फिया त्याच दोऱ्यांवर लटकलेल्या आहेत असं समज. आणि त्या ज्या जागेवर वाळवण घालतात ती जागा बरोब्बर तुझ्या प्लॉटसमोरची. भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटरची पट्टी इथेही राखीव धरतात, आपल्या सीआरझेडसारखी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असतात तशी, पण कागदापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या वाटेने बायका पिढ्यान् पिढ्या समुद्रात उतरतायत. बाहेरचा माणूस आला, भिंत घातली की पहिलं भांडण वाटेवरून होतं, आणि त्यात गाव बरोबर असतं.

या लोकांना बाहेरच्यांचा अनुभव काय कमी आहे? २००९ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली माँटारा ही तेलविहीर फुटली, ७४ दिवस तेल समुद्रात वाहत होतं. इथलं शेवाळ पांढरं पडून मेलं. कुणी जबाबदारी घेईना. शेवटी रोटे-कुपांगकडच्या १५,००० वर शेतकऱ्यांच्या वतीने सिडनीच्या कोर्टात दावा चालला, २०२१ ला निकाल यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. तेरा वर्षं! बापा हे सांगताना आवाज चढवत नाही, ताडावर चढायच्या सुरात सांगतो. त्याचं सगळ्यात मोठं दुःख वेगळंच आहे, एप्रिल २०२१ च्या सेरोजा वादळात त्याचे चार जुने ताड पडले, ते तो अजून मोजतो.

राहायला म्हणशील तर झकास आहे. वीज आहे, मधेच जाते. नेट संध्याकाळी मान टाकतं. साधा ताप-बिप असेल तर सरकारी दवाखाना, जरा मोठं काही तर बाआ, खरंच मोठं असेल तर कुपांग आणि मग वर लिहिलेली ती बोट, हे तुझ्या बीपीच्या गोळ्या लक्षात घेऊन वाच. पैसे रोख आणायचे. जेवायला मासळी, भात, मक्याच्या दाण्यांची घट्ट उसळ आणि रोज एक पातळ रस्सा ज्यात शेवग्याचा पाला असतो, अगदी आपल्या आजीच्या भाजीचा वास. लुआत नावाची एक आंबट तिखट चटणी आहे, ती मी बाटलीत भरून घेणार आहे. सकाळी पाचला कोंबडे, सहाला डुकरं, मग पोरं. दुपारी सगळं गाव झोपतं. मला तीन आठवड्यांत एकदाही ऑफिसचं स्वप्न पडलं नाही.

तर फ्लॅट विकू नकोस. पुतण्याला मी सरळ सांगितलं की माझा मित्र जमीन घेणार नाही, तो जरा हिरमुसला, मग त्यानेच कपाटातून सोपी काढली. त्याऐवजी मामाकडची मागची खोली मी पुढच्या मे-जूनसाठी बोलून ठेवलीये, महिन्याच्या हिशोबाने, दोन वेळचं जेवण धरून. भाडं तुझ्या फ्लॅटच्या मेंटेनन्सपेक्षा फार नाही. आपल्या पासपोर्टवर विमानतळावरच ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवता येतो, म्हणजे दोन महिने व्हरांड्यात लोळ. वहिनींना घेऊन ये, आणि आत्ताच सांगून टाक, नाहीतर मी सांगेन. येताना आमसुलं आण, मामाला सोलकढी करून घालायचीये, नारळ इथे आहेतच.

आणि एक काम कर. बापाला मी सांगितलं की आमच्या गावात पण ताड आहेत तर तो मानेना, म्हणतो हे झाड रोटेचं. तुझ्या वाडीमागचे सात-आठ अजून उभे आहेत ना, की गेल्या वर्षी म्हणत होतास तसे बिल्डरने पाडले? असतील तर फोटो पाठव, नुसता शेंड्याचा नको, बुंध्यावर चढायला काय केलंय तेही दिसू दे, तो पहिलं तेच विचारणार आहे.

तुझा,
पक्या