दाब, धर, सोड

कोव्हेंट्री,
रविवार, रात्री

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर "झाली गाडी दुरुस्त" एवढंच बोलले, कारण पलीकडून आई तुम्हाला जेवायला हाक मारत होती. आता सगळं लिहिते.

गाडी १९९१ ची, दोनच सीटांची, छप्पर उघडणारी. गेल्या शनिवारी सिग्नलला क्लच दाबला तर पेडल तळाला गेलं ते तिथंच बसलं. पटापट तीन-चारदा दाबलं की जरा वर यायचं, पण गिअर घालताना नुसती करकर. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर अलगद पडायचे. इथल्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला ते पटेना. प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, हे तुम्हीच मला उद्यमनगरात शिकवलंत. इथं उलटं होतं, क्लच सुटतच नव्हता.

आपल्या मारुती ८०० च्या क्लचला वायर होती. हिचं काम ऑइलवर. पेडलचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि त्याचा दांडा क्लच सोडवणारा फोर्क रेटतो. ऑइलची डबी उघडली तर तळ दिसत होता. पेडलच्या मागं हात घालून चाचपलं, कोरडं, म्हणजे मास्टर गळत नव्हता. मग गाडी स्टँडवर घेऊन खाली शिरले आणि स्लेव्हचं रबरी बूट मागं सारलं. काळंकुट्ट ऑइल थेट मनगटावर ओघळलं. आबा, इतका आनंद झाला!

सिलिंडर सोडवायला रात्र गेली. पाइपाचा नट गंजलेला. घाई केली असती तर पाइपच पिळवटला असता, म्हणून तेल सोडून सकाळपर्यंत थांबले. पिस्टन काढून बॅटरीनं आत पाहिलं, भिंतीला खड्डे पडलेले. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आतून गंज चढतो. अशा भिंतीवर नवा सील किती दिवस टिकणार? म्हणून नुसतं सीलचं किट न घालता अख्खा सिलिंडर बदलला. मास्टरही तेवढाच जुना आहे, तोही लवकरच बदलणार.

मग पाइपात शिरलेली एअर काढायची होती. ऑइल डॉट ४ चं, ब्रेकला घालतात तेच, नवीन डबा फोडून. पेडलवर चिरंजीव बसले. मी खालून ओरडत होते, "दाब! धर! सोड!" तो सोडायच्या आत स्लेव्हवरचा एअर काढायचा निपल बंद करायचा, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. तुमच्या ट्रकच्या केबिनमध्ये मी अशीच बसायचे, पाय पुरायचे नाहीत म्हणून सीटच्या कडेवर. त्यानं विचारलं, "आई, मराठीत का ओरडतेस?" मला हे काम दुसऱ्या भाषेत येतच नाही, आबा.

बुडबुडे थांबले तसं पेडल घट्ट झालं. आधी दांडा जेमतेम सरकत होता, आता पट्टीवर १२ मिमी भरला. रिव्हर्स आवाज न करता पडला.

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? यंदाच्या पावसानंतर बघितलं नसेल तर या आठवड्यात बघा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी